नदीकडचं खाचर

आमच्या घरात तिन्हीसांजेला पाय धुतल्याशिवाय उंबरा ओलांडायची सोय नव्हती, आणि पाय धुण्याआधी आजीसमोर उभं राहण्याचा एक न सांगितलेला नेम होता. ती ओट्यावर वाती वळत बसलेली असायची. चेहऱ्याकडे न बघता आमच्या पायांकडे बघायची आणि दिवसभर आम्ही कुठे कुठे उंडारलो, ते घोट्यापासून गुडघ्यापर्यंत वाळलेल्या चिखलावरून ओळखून काढायची. पिवळट, भुरभुरीत माती असली तर आम्ही रुळांकडच्या वरकशीवर गेलेलो. तांबूस आणि खड्याची असली तर चिंचेच्या खाचरात. आणि काळसर करडी, वाळताना कातडी ओढून धरणारी, सुकल्यावर नखाने खपली निघणारी असली, तर आम्ही नदीकडच्या खाचरात उतरलो होतो, म्हणजे वालधुनीच्या पाण्याजवळ गेलो होतो, म्हणजे त्या संध्याकाळी कान पिळले जाणार होते. त्या काळ्या मातीला वास होता. ओल्या पेंढ्याचा, शेवाळाचा, थोडा माशांचा. पाय कितीही घासून धुतले तरी रात्री गोधडी डोक्यावरून घेतली की तो वास आतल्या आत भरून यायचा, आणि त्यात झोप फार छान लागायची.

कल्याणहून कर्जतकडची लोकल तुम्ही कधी धरली असेल तर विठ्ठलवाडी तुम्ही ओलांडलेली आहे. पाहिली असेलच असं नाही. कल्याणनंतरचं पहिलंच स्टेशन, गाडीने नीट वेग घेण्याआधी येतं आणि दारातली गर्दी सावरेपर्यंत मागे पडतं. एसटीचा डेपो, कल्याण पूर्वेची दाटी, खडेगोळवली, पलीकडे उल्हासनगरचे कॅम्प, आशेळे-माणेऱ्याच्या बाजूला उठलेल्या इमारती, आणि हवा स्वच्छ असलीच तर या सगळ्यावरून डोकावणारा मलंगगड. या दाटीच्या खाली शेतं आहेत असं मी म्हटलं तर लेकरं हसतात. पण शेतं कुठे उठून जात नाहीत हो. ती तिथेच असतात, वरून काय काय येऊन पडतं एवढंच.

आजोबांच्या तोंडी या मुलखाचा इतिहास असा होता, की आधी माळ होता, मग पलटण आली, मग निर्वासित आले, मग कारखाने आले. दुसऱ्या महायुद्धात उभारलेल्या लष्करी बराकींमध्ये फाळणीनंतर सिंध सोडून आलेली माणसं उतरली आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांनी त्या छावणीला उल्हासनगर हे नाव दिलं, हे मी शाळेत शिकलो. आजोबांना तारीख ठाऊक नव्हती, पण कॅम्पातला एक म्हातारा सिंधी म्हशीसाठी पेंढा घ्यायला यायचा, तो त्यांना चांगला ठाऊक होता. पेंढ्याचे पैसे देऊन झाले तरी तो जायचा नाही. बांधावर उभा राहून आपल्या मागे राहिलेल्या जमिनीबद्दल बोलत राहायचा, हाताने पाटाचं वळण काढून दाखवायचा. आजोबांना त्यातलं निम्मं समजायचं आणि ते पूर्ण वेळ मान हलवायचे. जमीन गेलेला माणूस कसा बोलतो हे मी तिथे पाहिलं. आता मी तुमच्यासमोर तसाच हातवारे करत बसलोय.

होळी उलटली की राबाची तयारी सुरू व्हायची. ज्या तुकड्यात भाताचं रोप करायचं, तिथे शेणी, झाडांच्या टाहळ्या, वाळलं गवत, पालापाचोळा असं थरावर थर घालून वरून बारीक माती पसरायची आणि वैशाखातल्या एका पडल्या वाऱ्याच्या संध्याकाळी ते पेटवून द्यायचं. ज्वाळा उठू द्यायची नाही, नुसतं धुमसत ठेवायचं, ही त्यातली कला. त्या धुराचा वास पुढे आठवडाभर आमच्या केसांत, शाळेच्या दप्तरात, माठातल्या पाण्यातसुद्धा असायचा. मग मृगाचा पहिला पाऊस त्या भाजलेल्या काळ्या राखेवर पडला की जो वास उठायचा, त्याचं वर्णन करायला मी आजवर बऱ्याचदा बसलो आणि बऱ्याचदा उठलो. लोक पहिल्या पावसाच्या मातीच्या वासाबद्दल बोलतात, अत्तरंही काढतात म्हणे. पण राबाच्या मातीचा वास त्याहून खरखरीत होता, त्यात कडवटपणा होता, आणि तो आला की घरातली मोठी माणसं एकदम कमी बोलायला लागायची, कारण आता कामाचे दिवस सुरू झाले.

त्याच पहिल्या पुरात वलगणीचे मासे चढायचे. नदीचं गढूळ पाणी ओहोळातून उलटं खाचरांत शिरायचं आणि त्या पाण्यावर, अंडी घालायला, मासे शेतात यायचे; रात्री बत्ती घेऊन काका आणि त्याचे सोबती बांधावरून पळायचे, पाण्यात चपचप आवाज, मध्येच कुणाची तरी आरोळी, बेडकांचा तर असा गलका की लोकलचा भोंगा त्यात बुडून जायचा. बांधांच्या बिळांत मुठे, म्हणजे शेतातले खेकडे, असायचे. त्यांना हात घालून बाहेर काढायची माझी छाती कधीच झाली नाही, बहिणीची मात्र झाली. आणि मग चिखलणी. बैलांच्या मागून फळी फिरली की नदीकडच्या खाचराचा चिखल घोटलेल्या पिठल्यासारखा मऊ व्हायचा, पाय टाकला की आधी गार, मग खोल गेल्यावर किंचित कोमट. बोटांमधून तो वर येताना जी गुदगुली व्हायची तिच्यासाठी आम्ही शाळा बुडवत होतो. आवणीला बायका ओळीने वाकून रोप लावत मागे मागे सरायच्या, पाठीवर इरली, एकीने गाणं उचललं की दुसरीने धरायचं, आणि रोपाची मूठ पाण्यात पडल्याचा तो बारीक आवाज गाण्याच्या मध्ये मध्ये यायचा.

भात निघाल्यावरही जमीन रिकामी राहत नसे. कापणी झाली की उरलेल्या ओलीवर वाल टाकायचे. वरून पाणी द्यायचं नाही, नुसत्या दंवावर ते वाढायचे. पौषात खाचराला भेगा पडायच्या, त्यातून वालाचं मूळ खाली खाली ओल शोधत जायचं. उपटलेल्या वालाच्या मुळांवरच्या बारीक गाठी दाखवून आजोबा म्हणायचे, ‘हे बघ, ही भाताची शिदोरी.’ हवेतला नत्र मातीत उतरवणारे जिवाणू त्या गाठींमध्ये राहतात हे पुढे पुस्तकात वाचलं. आजोबांना शिदोरी पुरेशी होती.

आता एक वेगळीच गोष्ट सांगतो, कंटाळू नका. आपल्या देशात कुठली जमीन किती खंगली याचा एक नकाशासंग्रह आहे. इस्रोच्या अहमदाबादच्या स्पेस ॲप्लिकेशन्स सेंटरने तो केला. उपग्रहाने टिपलेली २००३-०५, २०११-१३ आणि २०१८-१९ या काळांतली चित्रं एकमेकांशेजारी ठेवून वाळवंटीकरण आणि जमिनीची अवनती कुठे वाढली, कुठे थांबली, ते रंगांनी दाखवलं. शेवटच्या मोजणीत देशाची ९ कोटी ७८ लाख हेक्टर जमीन, म्हणजे एकूण भूभागाच्या २९.७७ टक्के, या खंगलेल्या खात्यात पडली. महाराष्ट्राचा आकडा २०११-१३ मध्येच ४४.९३ टक्के होता. त्यात सगळ्यात मोठा वाटा पाण्याने वाहून जाणाऱ्या मातीचा आणि त्याच्यामागून विरळ होत गेलेल्या झाडोऱ्याचा. हे नकाशे संगणकावर उघडून मी एका रात्री बराच वेळ बसलो होतो. एकास पाच लाख असं त्यांचं प्रमाण आहे, म्हणजे नकाशावरचा एक सेंटिमीटर जमिनीवरचे पाच किलोमीटर. विठ्ठलवाडीपासून उल्हासनगर, अंबरनाथ ओलांडून बदलापूरपर्यंतचा आमचा सारा मुलूख तिथे जेमतेम दोन-अडीच सेंटिमीटरांत आटोपतो. ज्या कॅमेऱ्याने ही चित्रं घेतली त्याला जमिनीवर ५६ मीटर लांब आणि ५६ मीटर रुंद एवढा चौकोन म्हणजे एक ठिपका दिसतो. मी कागदावर गुणाकार केला. एकतीस गुंठे भरले. नदीकडचं खाचर सातबाऱ्यावर तेवढंच होतं.

एक ठिपका. चिखल, मुठे, वलगण, वाल, गाणं, आजीने ओळखलेली माती, सगळं मिळून एक ठिपका, आणि त्या नकाशाच्या खात्यांमध्ये ‘वस्ती’ नावाचंही एक खातं आहे, त्यात तो गेलेला. मला राग आला नाही, खरं सांगतो. उलट बरं वाटलं, की कुणीतरी, इतक्या उंचावरून का होईना, तिकडे पाहिलं. मोजणारी माणसं त्यांचं काम चोख करतात. पण त्यांच्या यंत्राला जमीन गेली एवढं कळतं. ती कशी कशी जात होती, हे ठेवायला त्यात जागा नाही.

ती अशी गेली. आत्याच्या लग्नाच्या वर्षी वीटभट्टीवाला आला. दिवाळीनंतर तो खाचरांतून हिंडायचा, चिमूटभर माती पाण्यात कालवून तिचा गोळा वळायचा, बोटांत दाबून बघायचा. नदीकडची काळी माती त्याला फार आवडली. हातभर खोल माती नेणार, जमीन तुमचीच राहणार, असा सौदा. काका म्हणाला, नदी आहे की शेजारी, चार पावसाळ्यांत पुन्हा आणून घालेल. घरात कुणालाच ते चूक वाटलं नाही. मग डोंगराकडून कातकरी कुटुंबं आली, आधीच घेतलेल्या उचलीपायी, लेकराबाळांसकट. बांधाजवळ त्यांच्या झोपड्या पडल्या आणि पहाटेच्या अंधारात साच्यात माती आपटल्याचा आवाज सुरू झाला, थप्प, थप्प, थोडं थांबून पुन्हा थप्प. मी अंथरुणात पडून तो ऐकत असे. भट्टी लागली तेव्हा तुसाचा धूर राबाच्या धुरात मिसळला, आणि खोटं कशाला बोलू, रात्री ती लाल धग फार देखणी दिसायची. त्या विटा कुठे गेल्या कुणास ठाऊक. कल्याण-उल्हासनगरातल्या कुठल्या तरी चाळीच्या भिंतीत आमचं खाचर उभं आहे.

पुढच्या आषाढात नांगराचा फाळ खाली लागला आणि खणखणला. मातीत फाळ खणखणतो हे आम्ही तोवर ऐकलं नव्हतं. आजोबांनी बैल थांबवले, वाकून हात घातला आणि मुरमाचा खडा वर काढला. वरची माती गेली की खाली काय असतं ते सगळ्यांना माहीत असतंच, तरी. चिखल धरेना, रोप उभं राहीना, आणि खड्डा पडल्यामुळे पाणी असं साचायचं की उरलंसुरलं रोप कुजायचं. खडकाची दोन-तीन सेंटिमीटर माती व्हायला हजार वर्षंही लागतात, असं शास्त्रज्ञ सांगतात. आमच्याच नदीच्या वरच्या अंगाला अंबरनाथचं शिवमंदिर आहे, शिलाहारांच्या काळातलं, शके ९८२ चं, म्हणजे इसवी सन १०६०. महाशिवरात्रीला आजीचं बोट धरून मी त्या जत्रेला जात असे; देवळाचा काळा पाषाण आणि आमच्या खाचरातली काळी माती, दोन्ही एकाच दख्खनी खडकाची लेकरं. त्या देवळाचा शेवटचा दगड बसल्यापासून आजवर डोंगरावर जितकी माती तयार झाली असेल, ती माझ्या बोटाच्या पेराएवढी. भट्टीवाल्याने नेली ती हातभर.

नदी माती आणून घालेल हे काकाचं म्हणणं तसं खोटं नव्हतं. तिने आणून घातलं. कधी तांबडं, कधी निळं, वरच्या अंगाला त्या दिवशी जे धुतलं-सांडलं असेल ते. पूर ओसरला की खाचरात एक काळी, तेलकट साय उरायची आणि उन्हात ती चमकायची, अगदी मोरपिसाचे रंग तिच्यावर. आवणीत बायकांच्या पायांना चिखल्या होतच असत, त्यावर आजी करंजाचं तेल लावायची; पण आता पायांची आग व्हायला लागली आणि करंजाचं तेल चालेना. बेडूक आधी गेले की मुठे, हे मला आठवत नाही. आवाज कमी झाला हे मात्र आठवतं. लोकलचा भोंगा एकाएकी फार मोठ्याने ऐकू यायला लागला. आणि एका संध्याकाळी आम्ही ओट्यापाशी उभे राहिलो तर आजीने पायांकडे पाहिलंच नाही. सगळीच माती एका रंगाची आणि एकाच वासाची झाल्यावर ती तरी काय बघणार?

पुढचं तुम्ही वर्तमानपत्रांत वाचलेलं आहे. २०१४ च्या नोव्हेंबरात कुणी टँकरभर रसायन वालधुनीत ओतलं आणि झोपेत असलेल्या उल्हासनगरात शेकडो लोकांना श्वास घेता येईना. वनशक्ती संस्थेच्या अर्जावर हरित लवादाने २०१५ साली सांडपाणी प्रक्रिया केंद्रांना आणि पालिकांना सुमारे ९५ कोटींचा दंड सुनावला, मग प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. माझ्या दृष्टीने हे सगळं उत्तरकार्य. खाचर त्याच्या किती तरी आधी संपलं होतं. खड्डा झालेल्या जमिनीत राबिट टाकायला डंपर यायला लागले. तुटक्या फरश्या, प्लास्टर, गंजलेल्या सळ्या, कुणाच्या तरी स्वयंपाकघराची हिरवी टाइल. त्यावर मुरूम, मुरमावर चाळ, चाळीवर पुढे इमारत. बांध शेवटी शेवटी गटाराची कड झाला होता. २६ जुलै २००५ च्या त्या पावसात पाणी चढलं तेव्हा इमारतींच्या गल्ल्यांमधून ते अगदी जुन्या ओळीने चढलं, आधी नदीकडचं, मग मधलं, मग चिंचेचं. गच्चीवरून बघताना काका शेतांची नावं घेत होता आणि शेजारच्या बिऱ्हाडकरूंना वाटलं, हा भ्रमात बडबडतोय.

जागतिक पातळीवर जमीन खंगण्याबद्दल एक करार आहे, १७ जून १९९४ रोजी पॅरिसमध्ये मंजूर झालेला. म्हणून १७ जून हा वाळवंटीकरणाविरुद्धचा दिवस पाळतात. त्या करारातलं वाळवंटीकरण कोरड्या, कमी पावसाच्या प्रदेशांपुरतं आहे. आमच्याकडे वर्षाला अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो, १७ जूनला तर बहुधा छत्री उलटी होत असते; आम्ही त्या व्याख्येत बसत नाही. नगरकडच्या हिवरे बाजारला १९९० नंतर लोकांनी डोंगरउतारावर चर खणले, चराई थांबवली, आणि उघडी पडलेली जमीन पुन्हा गवत धरायला लागली. ते मी जाऊन बघून आलो, फार बरं वाटलं, आणि परतीच्या एसटीत उगाच डोळे भरून आले. तिथे जमीन आजारी होती. सिमेंटखाली गेलेल्या मातीला हवा नाही, पाणी नाही, गांडूळ नाही, मूळ नाही. भर पावसात, छपरावर धो धो पाणी पडत असताना, खाली ती ठणठणीत कोरडी असते.

आजी गेली, आजोबा तिच्या आधीच गेले. काकाने मातीचा विषय पुढे कधी काढला नाही. घरात इरलं उरलं नाही, फळी उरली नाही. कणग्याचा एक तुकडा बहिणीने शोभेला म्हणून नेला. रेल्वेच्या रुळांलगत कुणी कुणी अजून पालक आणि लाल माठ पिकवतात, धावत्या लोकलमधून तेवढे हिरवे वाफे दिसतात. त्यांना पाणी कुठलं, ते विचारायचं धाडस मला होत नाही, आणि ती भाजी मी घेत नाही.

पण जूनच्या सुरुवातीला तुम्ही कधी बदलापूरला उतरलात तर स्टेशनाबाहेर ठाकरं-कातकरी बाया पानांवर शेवळांच्या जुड्या मांडून बसलेल्या दिसतील. मृगाच्या तोंडावर डोंगराच्या न ढवळलेल्या मातीतून ती आपली आपण वर येतात. कुणी पेरत नाही, आणि तो उतार पोकलेनने खरवडला की येतही नाहीत. त्या सांगतील त्या भावाला घ्या. कोणत्या डोंगरावरची, तेही विचारा. सांगायला त्यांना आवडतं. आणि शेजारी वाट्याने लावलेली काकडं घ्यायला विसरू नका, त्यांच्याशिवाय शेवळं शिजवली तर घसा असा खाजेल की माझी आठवण काढाल.